घोड्यांतील जठरव्रण

घोड्यांतील जठरव्रण म्हणजे घोड्याच्या जठराच्या आतील अस्तराला पडणारे व्रण होत. व्यवहारात या विकाराला घोड्याचा अल्सर असेही म्हटले जाते. दिवसाचा बराच काळ ठाणाला बांधलेल्या, वैरण कमी व चंदी जास्त मिळणाऱ्या आणि वेगाचे किंवा ताणाचे काम करणाऱ्या घोड्यांत तो विशेष आढळतो. शर्यतीसाठी सराव करणाऱ्या थरोब्रेड घोड्यांच्या अनेक पाहण्यांत दहापैकी आठ किंवा त्याहून अधिक घोड्यांना असे व्रण असल्याचे दिसले आहे. मोकळ्या कुरणात चरणाऱ्या घोड्यांत हे प्रमाण बरेच कमी असते. औषधाने व्रण भरतात. परंतु आहार व दिनक्रम पूर्वीचाच राहिला तर ते पुन्हा पडतात, म्हणून या विकाराच्या व्यवस्थापनात आहारातील बदलाला औषधाइतकेच महत्त्व आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात घोडा आज प्रामुख्याने चार कामांत दिसतो : पन्हाळ्यावर पर्यटकांची सवारी, रंकाळ्याच्या काठी मुलांची फेरी, लग्नाची वरात आणि गावोगावच्या घोडागाडी शर्यती. कामे वेगळी असली तरी दोन वेळची चंदी आणि मधले तास रिकामे, हा क्रम अनेक ठिकाणी सारखाच असतो. या लेखातील आहारविषयक भाग त्यामुळे कोल्हापूर परिसरातील वैरण व खुराक समोर ठेवून दिला आहे.

जठराची रचना आणि आम्ल

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. प्रौढ घोड्यात त्याची क्षमता साधारणतः ८ ते १५ लिटर असते. त्याच्या वरच्या सुमारे एक तृतीयांश भागाचे अस्तर अन्ननलिकेसारखे, ग्रंथीविरहित असते. या भागाला आम्लापासून संरक्षण देणारा श्लेष्म्याचा थर नसतो. खालचा भाग ग्रंथियुक्त असतो. आम्ल तेथेच तयार होते आणि श्लेष्मा व बायकार्बोनेट यांचे संरक्षक आवरणही तेथेच असते. दोन्ही भागांच्या मध्ये दुमडलेल्या कडेसारखी स्पष्ट रेषा दिसते. बहुतेक व्रण या रेषेच्या लगत, वरच्या बाजूला पडतात.

घोड्याचे जठर चोवीस तास आम्ल स्रवते. पोटात अन्न असो वा नसो, स्राव थांबत नाही. दिवसातले चौदा ते अठरा तास थोडे थोडे चरत राहणाऱ्या प्राण्याला ही रचना सोयीची आहे. लाळेचे मात्र तसे नाही. अन्नाच्या वासाने किंवा चंदीची बादली पाहून घोड्याला विशेष लाळ सुटत नाही. ती चावण्याच्या क्रियेनेच स्रवते. लाळेतील बायकार्बोनेट आम्लाची तीव्रता कमी करते. एक किलो वाळलेले गवत खाण्यास घोड्याला साधारण ४० मिनिटे लागतात आणि तो सुमारे तीन हजार वेळा चावतो. एक किलो दाणा मात्र दहाएक मिनिटांत, हजारभर चावण्यांत संपतो. पोट भरण्याच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक वाटत नसला तरी जठरात पोहोचणाऱ्या लाळेत मोठा फरक पडतो.

गवताचा आणखी एक उपयोग होतो. लांब धाग्यांच्या वैरणीचा जठरात तरंगता थर तयार होतो आणि तो खालच्या आम्लद्रवाला वर उसळू देत नाही. घोडा दुडकी किंवा भरधाव चालीत असताना पोटाच्या स्नायूंचा दाब वाढतो, जठर दाबले जाते आणि आम्ल वरच्या असुरक्षित अस्तरापर्यंत पोहोचते. पोट रिकामे असेल तर हा परिणाम अधिक होतो. शर्यतीपूर्वी घोड्याला बराच वेळ उपाशी ठेवण्याची रूढी या कारणाने हानिकारक ठरते.

प्रकार

घोड्यातील जठराच्या व्रणांना एकत्रितपणे संबोधण्यासाठी १९९९ मध्ये एक सामायिक संज्ञा स्वीकारण्यात आली. पुढे २०१५ मध्ये युरोपीय अश्ववैद्यक तज्ज्ञांनी वरच्या ग्रंथीविरहित भागाचा विकार आणि खालच्या ग्रंथियुक्त भागाचा विकार हे दोन स्वतंत्र आजार मानावेत, अशी शिफारस केली. पालकाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. वरच्या भागातील व्रण मुख्यतः आम्लाच्या थेट संपर्काने पडतात आणि आहार सुधारल्यास त्यांना चांगला प्रतिसाद मिळतो. खालच्या भागातील व्रण, विशेषतः जठराच्या निर्गमद्वाराजवळचे, अस्तराची संरक्षणक्षमता कमी झाल्याने होतात. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस काम, सतत बदलणारी माणसे आणि ताण यांच्याशी त्यांचा संबंध आढळला आहे. केवळ वैरण वाढवून ते बरे होतील अशी अपेक्षा धरता येत नाही.

माणसाच्या जठरव्रणाला बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू कारणीभूत असतो. घोड्यात अशा जीवाणूची भूमिका सिद्ध झालेली नाही, त्यामुळे माणसाच्या उपचारातील प्रतिजैविकांचा संच घोड्याला देण्यास आधार नाही.

कारणे

वैरणीच्या दोन वेळांमध्ये सहा तासांहून अधिक अंतर, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा अधिक पिष्टमय पदार्थ, वैरण म्हणून फक्त गव्हाचे किंवा तत्सम काड, मोकळे सोडलेल्या जागी पिण्याच्या पाण्याचा अभाव ही प्रमुख कारणे पाहण्यांतून पुढे आली आहेत. दाण्यातील पिष्टावर जठराच्या वरच्या भागातील जीवाणू किण्वन करतात. त्यातून बाष्पनशील मेदाम्ले व लॅक्टिक आम्ल तयार होते आणि जठराम्लाच्या जोडीने ती वरच्या अस्तराच्या पेशींना इजा करतात.

उपासाचा परिणाम फार लवकर दिसतो. एक दिवस गवत व एक दिवस उपास असा क्रम आठवडाभर ठेवलेल्या निरोगी घोड्यांनाही प्रयोगात व्रण पडले. टेंपोतून लांबचा प्रवास, नवे ठिकाण, सोबतच्या घोड्यापासून ताटातूट, ढोल-ताशा व ध्वनिवर्धकाच्या आवाजात तासन्‌तास उभे राहणे, या गोष्टींचा ताण होतो आणि त्या काळात घोड्याचे खाणेही कमी होते.

वेदनाशामक औषधे हे वेगळे कारण आहे. फिनाइलब्युटाझोनसारखी औषधे जास्त मात्रेत किंवा दीर्घकाळ दिल्यास प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटते आणि ग्रंथियुक्त अस्तराचे संरक्षण कमकुवत होते. लंगडणाऱ्या घोड्याला औषधांच्या दुकानातून आणलेली माणसाची वेदनाशामके देण्याचा प्रकार म्हणूनच धोकादायक आहे.

लक्षणे

लक्षणे अस्पष्ट असतात. घोडा चंदी अर्धी टाकतो, गवत मात्र खातो. खाता खाता थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तोंड घालतो. वजन घटते, केसांची चमक जाते. खाल्ल्यानंतर सौम्य पोटशूळ वारंवार उद्भवतो. तंग आवळताना कान मागे टाकणे, चावायला येणे, पोटाकडे वळून पाहणे, दात खाणे, पूर्वी सहज करत असलेल्या कामाला नकार देणे हीही लक्षणे असू शकतात. असा घोडा ‘खोडकर झाला’ किंवा ‘अंगचोर आहे’ असे समजून त्याला चाबूक दाखवला जातो. ताण वाढल्याने विकार अधिकच बळावतो. माणसात व्रणातून रक्तस्राव झाल्यास शौचाचा रंग काळा होतो, तसे प्रौढ घोड्यात क्वचितच दिसते. लिदीचा रंग नेहमीचा आहे म्हणून व्रण नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, तीव्र व्रण असलेल्या काही घोड्यांत बाहेरून कोणतेच लक्षण दिसत नाही.

निदान

खात्रीचे निदान जठराच्या दुर्बिणीने, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपने होते. त्यासाठी सुमारे तीन मीटर लांबीची नळी लागते आणि घोड्याला तपासणीपूर्वी १२ ते १६ तास अन्न दिले जात नाही. नळी नाकपुडीतून अन्ननलिकेद्वारे जठरात नेली जाते. वरच्या भागातील व्रणांची तीव्रता ० ते ४ या श्रेणीत मोजतात : शून्य म्हणजे अखंड अस्तर आणि चार म्हणजे विस्तृत, खोल व्रण. ग्रंथियुक्त भागासाठी ही श्रेणी वापरत नाहीत, तेथे व्रणाचे स्थान व स्वरूप यांचे वर्णन करतात. रक्ताच्या किंवा लिदीच्या चाचणीवरून विश्वासार्ह निदान होत नाही.

एवढ्या लांबीचे उपकरण सर्वत्र उपलब्ध नसते. ते नसल्यास पशुवैद्यक लक्षणे, आहार व कामाचा इतिहास पाहून काही आठवडे औषध देतात आणि प्रतिसादावरून अनुमान करतात. त्याआधी दातांचे विकार, जंत, यकृताचे आजार आणि पोटशूळाची अन्य कारणे वगळणे आवश्यक असते, कारण खंगलेल्या घोड्यामागे यांपैकी कोणतेही कारण असू शकते.

औषधोपचार

ओमेप्राझोल हे मुख्य औषध आहे. ते जठरातील आम्ल निर्माण करणाऱ्या यंत्रणेला रोखते. घोड्यांसाठीच्या ओमेप्राझोल पेस्टला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. प्रचलित मात्रा दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, साधारण चार आठवडे अशी आहे. औषधाच्या स्वरूपानुसार पशुवैद्यक ती कमीही ठेवतात. औषध रिकाम्या पोटी, म्हणजे सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास दिल्यास चांगले शोषले जाते.

माणसांसाठीच्या कॅप्सूल वापरण्याबाबत दोन अडचणी आहेत. एक मात्रेची : ३५० किलो वजनाच्या घोड्याला वरील हिशोबाने १,४०० मिलिग्रॅम औषध लागते, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या ७० कॅप्सूल. दुसरी अधिक गंभीर आहे. ओमेप्राझोल आम्लात नष्ट होते, म्हणून कॅप्सूलमधील दाण्यांना संरक्षक आवरण दिलेले असते. ते दाणे कुटून पिठात मिसळले की आवरण तुटते आणि औषध शोषले जाण्यापूर्वीच निकामी होते.

ग्रंथियुक्त भागातील व्रण केवळ ओमेप्राझोलने भरण्याचे प्रमाण बरेच कमी आहे. तेथे सुक्राल्फेट जोडीला देतात. ते व्रणावर लेप धरते. मिसोप्रोस्टॉल हाही पर्याय आहे, मात्र गाभण घोडीला ते देत नाहीत आणि गरोदर स्त्रियांनी ते हाताळू नये. रॅनिटिडीन दिवसातून तीनदा द्यावे लागते व त्याचा परिणाम ओमेप्राझोलपेक्षा कमी असतो. औषध बंद केल्यावर आम्लाचा स्राव पुन्हा जोमाने सुरू होतो, त्यामुळे आहारातील बदल औषधाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करणे योग्य ठरते. शर्यतींचे नियमन करणाऱ्या अनेक संस्था शर्यतीच्या दिवशी अशा औषधांना मनाई करतात.

आहारातील बदल

पहिला बदल वैरणीच्या प्रमाणाचा आहे. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का शुष्क पदार्थ वैरणीतून मिळावा. ३५० किलोच्या घोड्यासाठी हे प्रमाण सव्वापाच किलो होते, म्हणजे वाळलेली वैरण सुमारे सहा किलो. तेवढाच शुष्क पदार्थ हिरव्या चाऱ्यातून द्यायचा तर २५ किलोहून अधिक चारा लागतो, कारण हिरव्या चाऱ्यात चार-पंचमांश पाणी असते. हिरव्या चाऱ्याचा भारा डोळ्यांना मोठा दिसतो आणि फसवतो.

दुसरा बदल वेळांचा आहे. सहा किलो वैरण एकाच वेळी टाकण्यापेक्षा ती चार-पाच भागांत विभागून दोन भागांमधले अंतर सहा तासांखाली ठेवावे. सर्वांत मोठी पोकळी रात्री पडते : संध्याकाळी सातला चंदी आणि पहाटे सहाला पुढचे खाणे, म्हणजे अकरा तास. रात्री झोपण्यापूर्वी टाकलेला वैरणीचा मोठा वाटा ही पोकळी भरून काढतो. बारीक छिद्रांच्या जाळीत गवत टांगल्यास घोडा हळूहळू खातो आणि तेच गवत अधिक तास पुरते.

तिसरा बदल चंदीचा. भिजवलेला हरभरा, मका, गव्हाचा कोंडा, पेंड आणि गूळ हा येथील परिचित खुराक आहे. पिष्टाची मर्यादा दर किलो वजनामागे एका वेळी एक ग्रॅम धरली, तर ३५० किलोच्या घोड्याला एका वेळी सुमारे अर्धा किलो मका किंवा सुमारे आठशे ग्रॅम कोरडा हरभरा, यापेक्षा अधिक देऊ नये. दोन्ही एकत्र असतील तर प्रत्येकाचे प्रमाण त्या हिशोबाने घटते. अधिक ऊर्जेची गरज असल्यास दाणा वाढवण्याऐवजी तेल व चांगल्या प्रतीची वैरण यांचा आधार घेता येतो. कामानंतर हातावर दिलेल्या गुळाच्या खड्याने काही बिघडत नाही. शर्यतीच्या सकाळी रिकाम्या पोटी भरपूर गूळ व भिजवलेला दाणा देणे मात्र किण्वनाला खाद्य पुरवण्यासारखे आहे.

चौथा बदल कामापूर्वीचा. कामाच्या अर्धा तास आधी दोन-तीन ओंजळी लसूणघास किंवा गवताची कुट्टी दिल्यास लाळ सुटते, जठरात तरंगता थर तयार होतो आणि आम्ल वर उसळण्यास अटकाव होतो. यामुळे घोडा जड होत नाही. पोट भरण्याइतकी वैरण येथे अभिप्रेतच नसते.

कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा. अचानक केलेला बदल, चांगल्यासाठी असला तरी, पोटशूळाला निमंत्रण देतो. स्वच्छ पाणी सतत उपलब्ध असावे.

कोल्हापूर परिसरातील वैरण

लसूणघास ही या विकारात सर्वांत उपयुक्त वैरण आहे. तिच्यातील कॅल्शियम व प्रथिने आम्लाची तीव्रता कमी करतात. लसूणघास मिळणाऱ्या घोड्यांच्या जठरातील आम्लता व व्रणांची तीव्रता कमी असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. संपूर्ण वैरण लसूणघासाची असण्याची गरज नाही. ती खर्चिक आहे आणि नुसत्या तिच्यावर ठेवल्यास प्रथिने व कॅल्शियम यांचा अतिरेक होतो. एकूण वैरणीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी लसूणघास दिवसभरात वाटून, विशेषतः चंदीपूर्वी व कामापूर्वी दिली, तरी उपयोग होतो.

ऊसपट्ट्यात गाळप हंगामात वाडे मुबलक व स्वस्त असते. ते मुख्यतः गुरांची वैरण असले तरी घोड्यापुढेही टाकले जाते. वैरण वाढवण्याचा सल्ला मिळाल्यावर पालकाचा हात साहजिकच वाड्याकडे किंवा हत्ती गवताकडे जातो, आणि येथे एक सावधगिरी लागते. दोन्हींत ऑक्झॅलेट असते व ते कॅल्शियमला बांधून ठेवते. घोड्याला अशी वैरण एकमेव म्हणून महिनोन्‌महिने दिली तर हाडांतील कॅल्शियम घटते, चेहऱ्याची हाडे सुजतात आणि घोडा लंगडू लागतो. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद जास्त असल्याने कोंड्याची जोड असेल तर असमतोल वाढतो. वाडे देणे भाग असल्यास त्यासोबत वाळलेले गवत व लसूणघास मिसळावी. कोवळी हिरवी ज्वारी विषारी सायनाइडमुळे टाळतात. कडबा चांगला वाळलेला व कुट्टी केलेला असावा. हरळी, मारवेल यांसारखी बारीक काडीची गवते वाळवून ठेवल्यास घोड्यासाठी चांगली वैरण होते.

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळा दीर्घ व जोरदार असतो. साठवलेल्या वैरणीला बुरशी लागते, आणि बुरशी लागलेली वैरण पोटासह श्वसनसंस्थेलाही घातक असते. भाताचा पेंढा येथे सहज मिळतो, पण एकमेव वैरण म्हणून तो निकृष्ट आहे. पावसाळ्यापूर्वी जमिनीपासून उंच फळीवर केलेला कोरडा साठा हाच येथे व्यवहार्य उपाय आहे.

पर्यटनस्थळी घोड्याचा कामाचा दिवस गर्दीवर ठरतो. शनिवार-रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोगीर घालून तो गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा असतो. प्रत्यक्ष फेऱ्या कमी आणि उपाशी उभे राहणे जास्त, अशी स्थिती होते. फेऱ्यांच्या मधल्या वेळेत कुट्टीचा तोबरा चढवणे किंवा जवळ गवताची जाळी टांगणे एवढ्यानेही हा उपास मोडतो. माथेरान व महाबळेश्वर येथील सवारीच्या घोड्यांनाही हीच बाब लागू पडते.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४–१९२२) दरबारची पागा होती, आणि शहरात रेसकोर्स नाका हे स्थळनाम आजही प्रचलित आहे. दरबारी पागेत घोड्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र मोतद्दार असत. आज एकच माणूस घोडा हाकतो, गिऱ्हाईक पाहतो आणि वैरणही आणतो. दिवसातून चार-पाच वेळा वैरण टाकणे त्याला जड जाते. जाळी व तोबरा यांचे महत्त्व त्यामुळेच वाढते.

पूरक पदार्थ

जठराच्या आरोग्यासाठी म्हणून अनेक भुकट्या, पेस्ट व तेले विकली जातात. त्यांच्याविषयीचा पुरावा असमान आहे.

मक्याचे तेल रोज ४५ मिलिलिटर दिल्याने छोट्या जातीच्या घोड्यांत आम्लाचा स्राव घटला आणि संरक्षक प्रोस्टाग्लँडिन वाढले, असे एका प्रयोगात आढळले. दुसऱ्या प्रयोगात मात्र तेलाने वरच्या भागातील व्रण टळले नाहीत. ऊर्जेचा पिष्टरहित स्रोत म्हणून तेल उपयुक्त आहे. व्रणाचे औषध म्हणून त्यावर विसंबता येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असलेली आम्लनाशके परिणाम दाखवतात, पण काही तासांपुरताच. व्रण भरण्यासाठी ती मोठ्या मात्रेत दिवसातून अनेकदा द्यावी लागतील. खाण्याच्या सोड्याबाबत शर्यतीच्या घोड्यांसाठी वेगळा प्रश्न उद्भवतो : थकवा लांबवण्यासाठी त्याचा गैरवापर होतो, म्हणून शर्यतींत त्याच्यावर निर्बंध असतात.

पेक्टिन व लेसिथिन यांच्या मिश्रणावरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. हिमालयात वाढणाऱ्या सी-बकथॉर्नच्या फळांपासून केलेल्या पूरकाने वरच्या भागातील व्रण कमी झाले नाहीत. ग्रंथियुक्त भागात थोडा लाभ सूचित झाला. कोरफडीच्या गराची ओमेप्राझोलशी थेट तुलना झाली तेव्हा कोरफड मागे पडली. ज्येष्ठमध पारंपरिक वापरात आहे, परंतु ओमेप्राझोलच्या जागी तो देण्यास पुरेसा आधार नाही.

काही पूरके अपायही करतात. लांब पल्ल्याच्या दौडीत घामावाटे गेलेले क्षार भरून काढण्यासाठी तीव्र क्षारमिश्रण वारंवार पाजल्यास व्रण वाढतात. क्षार द्यायचेच असतील तर ते खाद्यात मिसळून व पाण्यासोबत द्यावेत.

बाजारातील पूरकांना औषधासारखी परिणामकारकतेची चाचणी द्यावी लागत नाही. मर्यादित खर्चात निवड करायची झाल्यास महिन्याभराच्या भुकटीऐवजी तेवढ्याच पैशांची लसूणघास घेणे अधिक फायद्याचे ठरते.

शिंगरे

शिंगरांमध्ये व्रणाचे स्वरूप अधिक गंभीर असू शकते. दात खाणे, तोंडातून लाळ गळणे, दूध पिता पिता थांबणे, पाठीवर लोळून राहणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित उपचार लागतात. शिंगरांत व्रण फुटून जठराला छिद्र पडण्याचा किंवा भरताना निर्गमद्वार अरुंद होण्याचा धोका असतो. आजारी शिंगराला आईपासून वेगळे ठेवल्याने दूध पिण्याचे प्रमाण घटते व स्थिती बिघडते.

मोठ्या आतड्यातील व्रण

वेदनाशामकांच्या अतिवापराने मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागातही व्रण पडतात. हा विकार जठरव्रणापेक्षा वेगळा असून त्यात हगवण, रक्तातील प्रथिनांची घट आणि पोटाखाली सूज दिसते. ओमेप्राझोलचा येथे उपयोग होत नाही. कारणीभूत औषध बंद करणे, जाडीभरडी वैरण काही काळ कमी करून मऊ, सहज पचणारा आहार थोडा थोडा देणे आणि इसबगोल व तेल यांची जोड देणे असे उपचाराचे स्वरूप असते. जठरव्रणात भरपूर लांब वैरण हा मुख्य उपाय, तर येथे तीच तात्पुरती कमी करावी लागते. म्हणून वेदनाशामके चालू असलेल्या घोड्याला पोटाचा त्रास झाल्यास आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.